'गोंडवाना काळातले खडक' : बरोबर की चूक?

प्रश्न : चंद्रपूरच्या दगडी कोळशावरचा एक लेख तपासतेय. त्यात एकीकडे 'गोंडवाना काळ', दुसरीकडे 'गोंडवाना संघ', मध्येच 'कामठी माला' आणि 'कामठी शैलसमूह'. कुठला शब्द ठेवू?

प्रतिसाद : आधी 'काळ' काढा. गोंडवाना हे खडकांच्या थप्पीचं नाव आहे. ही थप्पी साचायला सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी लागली आणि क्रिटेशसच्या पूर्वार्धापर्यंत साचत राहिली. पर्मियन, ट्रायासिक, जुरासिक हे सगळे कल्प, म्हणजे भूशास्त्रीय काळाचे टप्पे, तिच्या पोटात येतात. तळाला हिमनद्यांनी आणून टाकलेले तालचेर थरातले गोटे, तर सिरोंचाकडच्या कोटा थरांत डायनासोरची हाडं. याला एक 'काळ' कसं म्हणणार?

खरं तर 'संघ'सुद्धा सैलच. एका कल्पात तयार झालेले खडक म्हणजे संघ, असा तो शब्द वापरतात. म्हणून तर इंग्रजीत 'सिस्टिम' (म्हणजे संघ) मागे पडून 'सुपरग्रुप' आलं. त्यासाठी मी 'महागट' लिहितो. कानाला जरा सरकारी वाटतो, पण अर्थ चुकत नाही.

प्रतिसाद : 'माला' जुन्या पुस्तकांतला, 'शैलसमूह' (इंग्रजीत 'फॉर्मेशन') आताचा. कामठीला 'शैलसमूह'च लावा. नागपूरजवळच्या कामठी गावावरूनच हे नाव पडलं. वर्धा खोऱ्यात हा वालुकाश्म लोहामुळे तांबूस, पिवळा, कधी जांभळट दिसतो. कोळसा त्याच्या खाली, बराकर या गोंडवानातल्याच दुसऱ्या शैलसमूहात. तिथला वालुकाश्म पांढुरका-करडा. बोअरमधून निघालेल्या खडकाच्या नळकांड्यांत हा रंगबदल नुसत्या डोळ्यांनीही कळतो. त्यामुळे लेखात 'कामठीतला कोळसा' असं कुठे असेल तर तेही तपासा.

प्रतिसाद : सामान्य वाचकाला 'महागट' कशाला? 'गोंडवाना थर' म्हणा की. बोअरच्या नोंदींतही नुसतं 'कामठी', 'बराकर' पुरतं.

प्रश्नकर्ती : आणि 'गोंडवानालँड'?

प्रतिसाद : तो वेगळा विषय. भूवैज्ञानिक मेडलिकॉटने १८७२ मध्ये नाव दिलं ते इथल्या खडकांना. त्यावरून दक्षिणेकडच्या प्राचीन भूखंडाचं नाव ठेवलं ते भूवैज्ञानिक झ्यूसने, नंतर. भूखंडाबद्दल बोलताना 'गोंडवनभूमी' चालेल, खडकांबद्दल नको.

प्रश्नकर्ती : मग वाक्य असं करते : 'चंद्रपूरचा कोळसा गोंडवाना थरांपैकी बराकर शैलसमूहात सापडतो, हे थर पर्मियन कल्पातले आहेत.'

प्रतिसाद : 'हे थर' म्हणजे सगळा गोंडवाना वाटेल. 'बराकरचे थर' करा.