मदत हवी आहे : असेंब्ली स्केचवर रोलर बसवताना अडलंय (सॉलिडवर्क्स, थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर)

मंडळी, बेल्ट कन्व्हेअरची असेंब्ली (सगळे पार्ट जोडलेलं मॉडेल) करतोय. असेंब्लीच्या फ्रंट प्लेनवर स्केच काढून रोलरच्या जागी पॉइंट दिलेत, पिच (दोन रोलरमधलं अंतर) 300. प्रत्येक रोलरचा अॅक्सिस आपापल्या पॉइंटला कोइन्सिडंट (त्यावर जुळवलेला). पिच 350 केला की सगळी रांग आपोआप सरकते. त्यासाठीच हा खटाटोप, नाहीतर पार्टला पार्ट जोडत जायचं आणि एक मेट (पार्टमधला जोड) तुटला की सगळीकडे लाल एरर!

आता घोळ असा. शेवटच्या पॉइंटला फ्रेमच्या कडेपासून 120 डायमेन्शन दिलंय. फ्रेमची लांबी बदलली की तो रोलर जुन्या जागीच राहतो, दुसऱ्यांदा कंट्रोल-क्यू (सगळं रीबिल्ड) दाबल्यावर येतो. आधी फ्रेमचे मेट, मग स्केच, मग पुन्हा रोलरचा मेट असं चक्र होत असणार.

स्केच फक्त प्लेन आणि ओरिजिनला बांधून फ्रेमचीच लांबी स्केचवरून घेऊ का? पण मग फ्रेम इन-कॉन्टेक्स्ट (या असेंब्लीवर अवलंबून) होते, आणि ती दुसऱ्या मशीनलाही लागते. की स्केच वेगळ्या पार्ट फाइलमध्ये ठेवून तो पार्ट सगळ्यात आधी टाकू? तसं काम करणारं कोणी आहे का इथे? बीओएममधून (पार्टच्या यादीतून) तो वगळता येतो, तेवढं ठाऊक आहे.