चेस्टरच्या चौकातील काळी-पांढरी इमारत

इंग्लंडमधील चेस्टर शहराच्या मुख्य चौकातील काळ्या-पांढऱ्या दुकानाची इमारत ट्यूडरकालीन, म्हणजे साधारण सोळाव्या शतकातील, असल्याचे कुणी म्हटले आहे, त्यात एक दुरुस्ती सुचवतो. ईस्टगेट स्ट्रीट आणि ब्रिज स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावरची ही वास्तू थॉमस लॉकवूड या वास्तुविशारदाने १८८८ मध्ये उभारली, म्हणजे ती व्हिक्टोरियन काळातील आहे. म्हणून तिला नकली ठरवणे मात्र मला अन्यायाचे वाटते, कारण तिने जपलेली रचना खरोखरच मध्ययुगीन आहे.

त्या रचनेला तिथे ‘रोज’ (Rows, म्हणजे रांगा) म्हणतात. रस्त्याच्या पातळीला, किंवा त्याहून काही पायऱ्या खाली, एक दुकान असते. त्याच्यावर पहिल्या मजल्यावर छताखालून जाणारा सलग सार्वजनिक मार्ग आणि त्याला लागून दुकानांची दुसरी रांग असते, आणि वरचा मजला त्या मार्गावर पुढे आलेला असल्यामुळे भर पावसातही गिऱ्हाईक कोरडे राहून एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाऊ शकते. या मार्गाच्या कठड्याकडच्या बाजूला लाकडी फळ्यांचा उतरता ओटा दिसतो. पूर्वी त्यावर माल मांडत; शिवाय त्या चढामुळेच खालच्या दुकानात उतरणाऱ्याला डोक्यावर पुरेशी उंची मिळते. एकाच ओट्याने दोन्ही मजल्यांची सोय साधणारी ही युक्ती मला दर्शनी भागावरील साऱ्या नक्षीपेक्षा मोलाची वाटते.

चेस्टरमधल्याच वॉटरगेट स्ट्रीटवरील ‘गॉड्स प्रॉव्हिडन्स हाऊस’ या घरावर १६५२ हे साल आहे, पण ते घरही १८६२ मध्ये जुन्या लाकडांपैकी काही वापरून पुन्हा बांधलेले आहे.