‘कंपवात’, पण कंप कुठे आहे?

चकलीभाजणी: बाबांना गेल्या महिन्यात पार्किन्सन्सचं निदान झालं. काका लगेच म्हणाले, “म्हणजे कंपवात!” बाबांनी दोन्ही हात पुढे धरले, “कुठे कापतायत?” खरंच कापत नाहीत. आम्हाला शंका आली ती सहीवरून. चेकवर सही सुरू व्हायची नेहमीसारखी आणि आडनावापर्यंत मुंगीएवढी व्हायची. बँकेने दोनदा चेक परत पाठवला. चालताना उजवा हात हलत नाही, अंगाला चिकटल्यासारखा राहतो. मग यात कंप कुठला नि वात कुठला? शिवाय विम्याच्या फॉर्मवर ‘जुनाट आजार’ छापलंय. महिन्याभरापूर्वी कळलेला आजार जुनाट कसा?

बोरूबहाद्दर: तुमच्या बाबांचा आक्षेप जुना आणि मातब्बर आहे. लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये या आजारावर निबंध लिहिला, तेव्हा त्याला ‘शेकिंग पाल्सी’, म्हणजे थरथरता लकवा म्हटलं होतं. पुढे पॅरिसच्या डॉक्टर शार्कोने हे नाव नाकारलं. या रुग्णांना खरा लकवा नसतो आणि सगळ्यांचे हात कापतातच असंही नाही, म्हणून त्याने पार्किन्सनचंच नाव द्यायला सांगितलं. ताठरपणा आणि मंदपणा काही जणांत कंपापेक्षा जास्त असतो. आपण मात्र ‘कंप’ धरून बसलो.

‘वात’ आयुर्वेदातला. तिथे तो शरीराच्या हालचाली चालवणारा दोष आहे, त्यामुळे कंपवात हा शब्द त्या शास्त्रात चपखल बसतो. घोळ होतो तो बोलीत. आपल्याला वात म्हटलं की गुडघे आठवतात, नाहीतर पोटातला गॅस.

उंबरठा: माझ्या आईलाही पार्किन्सन्स आहे. त्या गॅसपायी आत्याबाईंनी तिचे वाल-पावटे बंद केले होते, ‘वातूळ’ म्हणून! गंमत म्हणजे डॉक्टरांनीही गोळी आणि उसळ एकत्र नको म्हणून सांगितलं. पण कारण वेगळं: प्रथिनं आणि लेव्होडोपा (गोळीतलं औषध) आतड्यात एकाच वाटेने आत शिरतात, गर्दीत गोळी मागे पडते. म्हणून गोळी आधी, उसळ नंतर. तुमच्या बाबांच्या वेळा डॉक्टरांनाच विचारा.

बोरूबहाद्दर: ‘जुनाट’चं राहिलं. जुनाट खोकला म्हणजे बरेच दिवस मुरलेला. तो शब्द मागे बघतो. इथे पुढची वर्षं सांगायची आहेत, म्हणून ‘दीर्घकालीन’ बरा, जरा सरकारी वाटला तरी.

पायवाट: पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. मला आधी ते जरा जास्तच गोड वाटलं होतं. पण दवाखान्यात ‘पेशंटबरोबर कोण?’ ऐकून ऐकून कान किटले, तेव्हा त्या शब्दांची किंमत कळली. आमच्या घरी ‘गोळी चढली’, ‘गोळी उतरली’ हेही रोजचंच, म्हणजे औषधाचा असर सुरू झाला, असर ओसरला. बाहेरच्याने ऐकलं तर भलताच अर्थ घेईल.

चकलीभाजणी: 😄 बाबांना सगळं वाचून दाखवलं. शार्को आवडला. ‘शुभार्थी’वर म्हणाले, “लग्नपत्रिकेतला वाटतो.” त्यांचा स्वतःचा शब्द वेगळाच आहे. आज सकाळी शर्टाचं तिसरं बटण काही केल्या काजात जाईना. मी पुढे झाले तर म्हणाले, “थांब गं. अजून अंग उघडलं नाहीये.” पाऊस उघडतो, तसं. अर्ध्या-पाऊण तासाने बटण त्यांनीच लावलं.