जैसलमेरला दोघांनी जाताना: मुक्काम किल्ल्यात की खाली गावात?

वाळूघड्याळ (धागाकर्ता): डिसेंबर, दोघं, तीन रात्री. सगळे सांगतात किल्ल्यातच राहा. माझं मत उलट आहे. रावल जैसलनं 1156 मध्ये हा किल्ला त्रिकूट टेकडीवर बांधायला घेतला, पण टेकडी म्हणजे सह्याद्रीचा कातळ नव्हे. वालुकाश्माखाली चिकणमातीचे थर आहेत. पूर्वी पाणी गडीसर तलावावरून डोक्यावर यायचं, त्यामुळे सांडायचंही तेवढंच. नळ आले, मग पाहुण्यांच्या खोलीगणिक न्हाणीघरं आली. सांडपाणी मुरतं, माती फुगते, नंतर मऊ पडते आणि वरची भिंत पोट काढते. ऑगस्ट 2024 मध्ये पावसात तटाचा एक भाग ढासळला, तो तुम्ही बातम्यांत पाहिला असेल.

पाचवी पोळ: पावसानं ढासळला म्हणता आणि बिल पाहुण्यांच्या नावावर फाडता? किल्ल्यात आजही हजारो लोक नांदतात. पाहुणे थांबले की ती घरं बंद पडतील, आणि बंद घराची गच्ची गळायला लागली की बघायला कोणी नसतं. मालक स्वतः राहतो अशा घरात खोली घ्या. सकाळी पर्यटकांचे लोंढे यायच्या आत जैन मंदिरांचं कोरीवकाम शांतपणे बघता येतं.

वाळूघड्याळ: मंदिरं बघायला वर झोपावं लागत नाही हो. पोळ म्हणजे दरवाजा: अखई पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ, हवा पोळ, झाला चढ. पर्यटकांसाठी मंदिरं साधारण दुपारपर्यंतच उघडी असतात. कातड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवावं लागतं. आणि पाण्याचा हिशोब करा: शॉवरखाली दहा मिनिटं म्हणजे ऐंशी-शंभर लिटर, बादलीत वीस. दोघांचे तीन दिवस धरा. धोक्यातल्या वास्तूंच्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉच या 1996 च्या यादीत हा किल्ला उगाच नव्हता.

बादलीभर: मग वाद शॉवरचा आहे, मुक्कामाचा नाही. वर राहा, बादलीनं आंघोळ करा, कपडे खाली धुवायला द्या. फक्त चाकांची मोठी बॅग नेऊ नका. चारचाकी खालीच राहते, चढाची फरशी वापरून गुळगुळीत झाली आहे आणि आतल्या गल्लीत गाय समोर आली तर मागं सरायचं तुम्हीच.

छत्री-प्रेमी: एक साधी गोष्ट कोणी बोललं नाही. किल्ल्यात राहिलं की किल्ला दिसत नाही! गडीसर त्याच्या आग्नेयेला, त्यामुळे सकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून येऊन तटावर पडतं. संध्याकाळी पश्चिमेकडच्या व्यास छत्रीवरून (जुन्या समाधी-छत्र्यांची जागा) बघा. पिवळा दगड आधी मधासारखा होतो, मग दहाएक मिनिटांत राखाडी. खालच्या हॉटेलची गच्ची घेताना किल्ला कोणत्या दिशेला दिसतो ते विचारा. 'फोर्ट व्ह्यू' पाटीवर सगळेच लिहितात.

पाचवी पोळ: गच्चीचं मान्य. पण तिन्ही रात्री शहरात कशाला? एक तरी वाळूत काढा. समच्या वाळूच्या टेकड्या चाळीसेक किलोमीटरवर, वाटेवर पालीवाल ब्राह्मणांचं ओसाड गाव कुलधरा. तीनला निघालात तरच दोन्ही जमतं, डिसेंबरात पावणेसहाच्या पुढेमागे सूर्य बुडतो.

छत्री-प्रेमी: समला दोघांनी? उंटांची रांग, जीपांचा धुरळा, जेवणानंतर डीजे. खुरी गावची वाळू नैर्ऋत्येला आहे, अंतर थोडं जास्त, पण गर्दी बरीच कमी. कुठंही जा, बुकिंगआधी तीन गोष्टी विचारा: तंबू वाळूत आहे की रस्त्याच्या कडेला, उंट किती वेळ, आणि दोघांना एक उंट की दोन. एका उंटावर मागं बसणाऱ्याची कंबर उतरताना कळते. उंट आधी पुढचे गुडघे टेकतो, तेव्हा मागं रेलायचं.

बादलीभर: आणि रजया किती तेही विचारा. रात्री पारा सात-आठवर येतो, एका रजईवरून जोडप्यात भांडण लागतं.

वाळूघड्याळ: खुरीचं पटलं. एक रात्र तिकडे, दोन खाली. दुसऱ्या सकाळी पटवों की हवेली: एक नाही, पाच हवेल्यांचा समूह आहे, म्हणून 'तिकीट कुठल्या हवेलीचं' हे आधी विचारून घ्या. किल्ल्यावर झोपणार नाही, यावर मी ठाम.

पाचवी पोळ: झोपू नका. जेवायला मात्र वर या, केर-सांगरीची भाजी आणि बाजरीची रोटी. ताट धुवायला पाणी लागतंच, तेवढं चालवून घ्या.