अनुभव धागा: चढ, उतार आणि रॅम्पवरची स्कूटर

बॅटरीवर चालणारी मोबिलिटी स्कूटर असो वा जादा चाके लावलेली दुचाकी, सपाट रस्त्यावर ती लवकर जमते. कस लागतो तो रॅम्पवर आणि घाटीवर. जे स्वतः चालवतात किंवा घरातील कोणाला चालवताना पाहतात, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती. सुरुवात मी करते.

कोथरूड, पुणे
संधिवातामुळे मी चारचाकी बॅटरी स्कूटर वापरते. आमच्या इमारतीत लिफ्टपर्यंत पोहोचायला मोटारींसाठी बांधलेल्या रॅम्पशिवाय मार्ग नाही आणि तो मध्येच वळतो. वळणावर सपाट टप्पा नसल्यामुळे सगळा भार खालच्या बाजूच्या चाकांवर येतो व वरची बाजू हलकी झाल्याचे बसल्या जागी कळते. म्हणून वळणाआधीच मी वेगाची कळ सर्वांत कमीवर आणते, वळण जमेल तितके मोठे घेते आणि समोरून मोटार येऊ नये यासाठी फाटकावरच्या दादांना निघण्यापूर्वी फोन करते. चढताना कमरेतून पुढे वाकावे, उतरताना पाठ आसनाला टेकवावी. भाजीची पिशवी मी पुढच्या टोपलीत ठेवते, कारण चढावर मागे लटकणारा भार पुढची चाके उचलू पाहतो. उतारावर चावी मात्र कधीही बंद करू नये. ब्रेक एकदम आवळला जातो आणि माणूस पुढे फेकला जातो. गाडी चालवण्याची हँडलवरची लिव्हर हळूहळू सोडली की गाडी आपोआप थांबते.

रत्नागिरी
ताईंच्या गाडीपेक्षा माझी गाडी वेगळी आहे. पेट्रोलच्या स्कूटरला मी मागे दोन जादा चाके बसवून घेतली आहेत. ती केवळ आधाराला असून गाडीची ओढ आणि मागचा ब्रेक हे दोन्ही मधल्या चाकावरच असतात. आमच्याकडे पहिल्या पावसातच चढाच्या रस्त्यांवर पाण्याने उभी चर पडते. आधाराची चाके चरीच्या दोन्ही काठांवर टेकली, की मधले चाक अधांतरी राहते. मग चढताना ओढ जाते आणि उतरताना मागचा ब्रेक. त्यामुळे अशी चर पूर्णपणे एका बाजूला ठेवता येईल इतकी जागा दिसली तरच मी पुढे जातो, नाहीतर लांबचा रस्ता धरतो. जांभ्यावर शेवाळ धरले असेल तेव्हा तर लांबचाच रस्ता बरा.

शेफिल्ड, इंग्लंड
हे शहर टेकड्यांवर वसलेले आहे. सासूबाईंची स्कूटर वर्ग ३ ची आहे, म्हणजे तिला रस्त्यावर ताशी ८ मैल आणि पदपथावर ४ मैल वेगाची मुभा आहे. उतारावर मात्र त्या रस्त्यावरही ४ चीच कळ ठेवतात. चढ चढताना बॅटरी झपाट्याने उतरते, आणि माहितीपत्रकातील अंतर सपाट जमिनीचे असते. म्हणून जाताना चढ आणि येताना उतार पडेल, असाच मार्ग आम्ही आखतो. पदपथाच्या काठावर त्या गाडी नेहमी काटकोनात नेतात. तिरपी नेली की एक चाक आधी उतरते आणि गाडी कलते. शरद ऋतूत ओल्या पानांचा थर साचला, की नेहमीचा उतारही त्या टाळतात.

नागपूर
एकच गोष्ट, पण महत्त्वाची. स्कूटर ढकलण्यासाठी मागे मोटर सुटी करण्याचा दांडा असतो. तो ओढल्यावर गाडीला ब्रेकच उरत नाही. मदतीला धावून आलेली मंडळी नेमका तोच दांडा ओढतात. उतारावर त्यांना आधी थांबवावे.

नाशिक
मी निवृत्त स्थापत्य अभियंता असून माझी पत्नी स्कूटर वापरते. रॅम्पचा चढ १:१२ पेक्षा, म्हणजे १ उंचीला १२ लांबी यापेक्षा, तीव्र नसावा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही हेच प्रमाण आहे. प्रत्येकी १५ सेंमीच्या तीन पायऱ्या असतील, तर उंची ४५ सेंमी आणि रॅम्पची लांबी किमान ५.४ मीटर हवी. आमच्या सोसायटीत तो जेमतेम २ मीटरचा होता. हा हिशेब मी सभेत फळ्यावर मांडला, तेव्हा जागा नाही म्हणणाऱ्यांनीच बागेच्या कडेने रॅम्प वळवण्याचे सुचवले. आता मधोमध सपाट टप्पा आहे, दोन्ही कडांना बुटकी कठडी आहे आणि गुळगुळीत फरशीऐवजी खरखरीत काँक्रीट आहे. रॅम्पच्या पायथ्याशी पाण्याच्या नाल्यावर जी लोखंडी जाळी असते, तिच्या पट्ट्या गाडीच्या दिशेला आडव्या बसवून घ्याव्यात. उभ्या असल्या, तर पुढचे लहान चाक फटीत अडकते.