राष्ट्रीय अधिवेशन खेड्यात घ्यायचंय, फैजपूरला कसं जमवलं होतं?

तालुका_कार्यकर्ता:
यंदा पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन शहरात न घेता आमच्या तालुक्यातल्या एका गावात घ्यायची टूम निघालीय. वरचे लोक उठसूट काँग्रेसच्या फैजपूर (जळगाव जिल्हा) अधिवेशनाचा दाखला देतात. मंडपवाल्याने जर्मन हँगरचा (धातूच्या सांगाड्याचा मोठा तयार मंडप) आकडा सांगितला आणि आमच्या खजिनदारांचा चेहराच उतरला. १९३६ साली लोकांनी हे निभावलं कसं? विचारधारा नको, व्यवस्थेचं सांगा.

केळीवाला_सावदा:
फैजपूर आमच्या हाकेच्या अंतरावर, म्हणून लिहितो. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू, हट्ट गांधीजींचा. आसपास मिळेल त्यातच उभारायचं ठरलं, मग बांबू-चटयांचं अधिवेशननगर, तिलकनगर, उभं राहिलं. नंदलाल बोस म्हणत होते, मी चित्रकार, बांधकामातलं मला काय कळतं? तरी गांधीजींनी त्यांनाच गळ घातली, जोडीला वास्तुकार म्हात्रे. नेहरूंची मिरवणूक रथातून निघाली, रथाला बैलांच्या सहा जोड्या. हँगर लावून हे साधत नाही हो, कुठल्याही लग्नाचा मांडव वाटतो.

पण मंडपाआधी माणसं. स्वागताध्यक्ष शंकरराव देव होते, तरी इथलं ओझं धनाजी नाना चौधरींनी वाहिलं. साने गुरुजी गावोगाव हिंडून लोकांना तयार करत होते. तुमच्याकडे असं हिंडणारं कोण आहे? पदाधिकारी नका मोजू.

जुना_स्वयंसेवक:
झेंड्याचं राहिलं. फैजपूरला झेंडा वर जाताना मध्येच अडकला, शेवटी शिरपूरचा एक तरुण खांबावर चढला तेव्हा सुटला. तुमची कप्पी आणि दोरी आदल्या रात्री ओढून बघा. कॅमेऱ्यासमोर अडकला तर दिवसभर तेवढंच फिरेल.

आणि साधेपणावर फार विसंबू नका. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात सुभाषबाबूंच्या रथाला ५१ बैल होते!

तालुका_कार्यकर्ता:
आमच्याकडे ट्रॅक्टर आहेत, बैल शोधावे लागतील. संडास आणि पाण्याचं काय करायचं?

केळीवाला_सावदा:
तेव्हा सफाईला स्वयंसेवक होते. तुमची पोरं स्टेजमागे पास गळ्यात घालून उभी राहणार, त्यामुळे फिरती शौचालयं भाड्याने घ्या आणि ती उपसायची गाडी कुठे रिकामी होणार ते आधी विचारा. सगळे तिथेच फसतात. टँकर कुठल्या विहिरीवर भरायचे तेही गावकऱ्यांशी बसून ठरवा. बाय द वे, जागामालकाची लेखी संमती घेतलीत की नुसता शब्द?