कासवाच्या पाठीसारखा दगड सापडलाय, जीवाश्म आहे का कसं ओळखायचं?

ओढ्याकाठी
नमस्कार मंडळी, दोन दिवस डोक्यात हेच चाललंय म्हणून विचारतोय. पाणी ओसरल्यावर मी आणि मुलगा ओढ्याच्या पात्रात फिरत होतो तेव्हा त्याला एक दगड सापडला. आजूबाजूचे सगळे दगड चपटे, पाटीसारखे सुटणारे आणि हा एकटाच गरगरीत, म्हणजे अगदी चेंडूसारखा नाही, अंड्यासारखा लांबट. लांबी ११ सेंटीमीटर, रुंदी ७, रंग मातकट करडा, हातात घेतला की आकाराच्या मानाने जड वाटतो. आणि मुख्य म्हणजे वरून पिवळट पांढऱ्या रेघा आहेत, त्यांनी पाच-सहा कोनांचे कप्पे पडलेत, बघताक्षणी कासवाची पाठच वाटते.

मुलगा म्हणतो डायनासोरचं अंडं, शेजारचे काका म्हणतात कासवच दगड झालंय, फोनमधल्या फोटो ओळखणाऱ्या अ‍ॅपनेही कासवाचं जीवाश्म असं दाखवलं. शिवाय तिथेच एक छोटा चपटा दगड मिळाला त्यावर काळ्या रंगात नेच्याच्या पानासारखी नक्षी आहे, फार सुंदर आहे ती.

घरच्या घरी काही तपासता येतं का? मोठा दगड फोडून आत बघू का? मुलगा दिवसातून दहा वेळा विचारतोय आणि मला त्याला खरं तेच सांगायचंय.

भिंगवाली
आधी एक, फोडू नका!! हातोडीने दगड पाहिजे तिथे फुटत नाही, तो त्याला वाटेल तिथे फुटतो, आणि आत काही असेल तर नेमकं त्याच्यातूनच चीर जाते. घासू पण नका, तारेचा ब्रश तर अजिबात नको. मऊ टूथब्रश आणि साधं पाणी पुरे, तेसुद्धा आधी एका कोपऱ्यावर थेंब टाकून बघा कारण मातीचे काही खडक पाण्यात भिजले की पापुद्रे सुटून येतात.

मग फोटो टाका पण नीट काढा. फ्लॅश नको, फ्लॅशने सगळे उंचसखलपण सपाट दिसतात. सावलीतल्या उजेडात एक, आणि एक अंधारात टॉर्च अगदी बाजूने आडवा धरून, त्यात बारीक खाचा उठून दिसतात. शेजारी पट्टी ठेवा. सहाही बाजू हव्यात, सगळ्यात महत्त्वाची म्हणजे जिथे टवका उडालाय ती बाजू, कारण पाण्याने घासलेला पृष्ठभाग फसवतो, ताजा तुटलेला भाग खरं बोलतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग मिळालं तर घ्या, या कामात त्याच्याइतका उपयोग कशाचाच होत नाही.

गाळवाचक
वर्णन इतकं नीट दिलंय की बराचसा अंदाज करता येतो. मला हा सेप्टेरियन नोड्यूल वाटतोय, म्हणजे गाळातच तयार झालेली गाठ, आणि आतून तडकलेली.

होतं काय की मऊ गाळात एखाद्या ठिकाणी पाण्यातला चुना किंवा लोहाची खनिजं कणांच्या मधे साचायला लागतात आणि तेवढा भाग सिमेंट ओतल्यासारखा घट्ट होत जातो. बाकीचा गाळ नंतर दाबून चपटा होतो, ही गाठ मात्र गोल राहते, म्हणून तुम्हाला चपट्या दगडांत हा एकटा गरगरीत मिळाला. मग पुढे कधीतरी ती आतून तडकते आणि त्या फटींत कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज भरतं, त्याच तुमच्या पिवळट रेघा. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर मोएराकी बोल्डर्स म्हणून आहेत ते याच जातीचे, त्यातले मोठे २ मीटरपर्यंत रुंद आहेत आणि त्यांच्यावरही अशाच जाळीदार भेगा दिसतात. एवढं मोठं अंडं किंवा कासव कुणी म्हणणार नाही, पण तळहातावर मावणारा मिळाला की प्रत्येकाला तसंच वाटतं, यात तुमचं किंवा मुलाचं काही चुकलं नाही.

आता कासव का नाही ते सांगतो, कारण नुसतं नाही म्हणून उपयोग नाही. खऱ्या कासवाच्या पाठीवर दोन प्रकारच्या रेघा असतात. वरच्या शिंगासारख्या खवल्यांच्या कडांनी हाडावर उमटलेल्या उथळ खाचा एक, आणि हाडांच्या पाट्या एकमेकींना जिथे जुळतात तिथली नागमोडी शिवण दुसरी, आणि या दोन जाळ्या एकमेकींवर बसत नाहीत, वेगवेगळ्या जागी जातात. शिवाय डावी-उजवी बाजू जुळते, मधोमध एक रांग, दोन्हीकडे रांगा. तुमच्या दगडात कप्पे मन मानेल तसे असतील, एक मोठा, एक चिंचोळा, एक त्रिकोणी. आणि कासव असतं तर कडेला तुटलेल्या जागी हाड दिसलं असतं, बाहेर घट्ट आणि आत स्पंजसारखं भोकाभोकांचं.

अंड्याचं पण तसंच. आकार अंड्याचा असणं हा पुरावाच नाही, नदी रोज अंड्याच्या आकाराचे दगड घडवते. अंड्याला कवच पाहिजे, पातळ, सगळीकडून जवळपास सारख्या जाडीचं, आतल्या भरावापासून वेगळं दिसणारं, आणि भिंगाखाली त्यावर बारीक छिद्रं किंवा दाणेदार नक्षी. कवच नाही तर अंडं नाही.

म्हणजे सगळीकडे गोष्ट एकच, आकार बघू नका, रचना बघा. जिवंत गोष्ट वाढताना काहीतरी ठरावीक पद्धतीने पुन्हा पुन्हा करते. शंखावर वाढीच्या रेषा, प्रवाळात एकाशेजारी एक खोल्या आणि प्रत्येक खोलीत केंद्राकडे जाणारे पडदे, लाकडात वर्तुळं आणि गाठी, समुद्री साळूच्या कवचावर पाच पट्टे. हे असलं काही दिसलं की थांबायचं आणि नीट बघायचं.

चकमक
काळं पान तर मला नक्की खरं वाटतंय की! मोठ्या दगडाला जीभ लावून बघा, हाडाचं जीवाश्म जिभेला चिकटतं, जुने लोक असंच ओळखायचे.

भिंगवाली
चकमक, जिभेचं खरं आहे पण अर्धंच. हाडातली बारीक छिद्रं ओल शोषतात म्हणून चिकटतं, पण सच्छिद्र माती आणि खडूसुद्धा चिकटतात, आणि जे हाड सिलिकाने पूर्ण भरलंय ते चिकटतच नाही. त्यात ओढ्यातला दगड, वरून काय काय वाहत आलेलं असतं, लहान मुलासमोर तर हे नकोच. भिंगातून छिद्रं डोळ्याने दिसतात तर जीभ कशाला लावायची.

आणि त्या छिद्रांचं पण एक आहे. लाव्हाच्या दगडात वायूचे बुडबुडे अडकून भोकं राहतात, भट्टीतून निघालेल्या मळीतही तशीच, आणि लोक ती हाड म्हणून आणतात. बुडबुड्याची भोकं सुटी सुटी, गोल किंवा लांबट, लहानमोठी कशीही आणि आतून गुळगुळीत असतात. हाडाची जाळी म्हणजे पातळ पातळ आडवे-उभे दांडे एकमेकांना जोडलेले, आणि कडेकडे ती दाट होत जाते. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं की परत चूक होत नाही.

पानाबद्दल मन मोडायचं नाहीये पण वर्णनावरून ते डेंड्राइट असणार. मँगनीजचं किंवा लोहाचं ऑक्साइड फटीतून झिरपत जातं आणि फांद्या फुटल्यासारखं पसरतं. ओळखायची खूण, पानाला मधली शीर असते, तिच्यातून बाजूच्या शिरा निघतात, पानाला ठरलेली कडा असते. डेंड्राइटला मधली शीर नसते, फांदीतून फांदी फुटत जाते आणि टोकं झुबक्यासारखी. अजून एक, ते दगडाच्या एखाद्या कडेपासून किंवा चिरेपासून सुरू होऊन आत पसरलेलं दिसतं, कारण पाणी तिथूनच शिरलं. पण सुंदर तर ते आहेच, ते कुठे जात नाही, मी स्वतः असा एक टेबलावर ठेवलाय.

ओढ्याकाठी
सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री भिंग आणि टॉर्च घेऊन बसलो दोघं.

पान: मधली शीर नाही. कडेला एक बारीक चीर आहे आणि सगळ्या फांद्या तिथूनच निघतात, भिंगवाली यांनी सांगितलं तंतोतंत तसं. मुलगा जरा हिरमुसला पण मग म्हणाला म्हणजे हे पाण्याने काढलेलं झाड आहे.

मोठा दगड: कप्पे वेडेवाकडे आहेत, डावं-उजवं काही जुळत नाही. एका रेघेवर व्हिनेगरचा थेंब टाकला, भिंगातून बारीक बुडबुडे येताना दिसले. कवच कुठेच नाही. एका टोकाला टवका उडालाय तिथे रेघ बाहेर बारीक आणि आत गेली तशी रुंद होत गेलीय.

पण त्याच टवक्याच्या कडेला एक गोष्ट दिसली जी आधी लक्षातच आली नव्हती. नखाएवढी, पंख्यासारखी पसरलेली, वर एकसारख्या उभ्या कंगोऱ्या, मी १४ मोजल्या, आणि त्यांना आडव्या जाणाऱ्या फार बारीक रेषा. टॉर्च आडवा धरला तेव्हाच दिसली. हे पण खनिजच का?

गाळवाचक
नाही! हे फोटोत बघायचंय मला, पण वर्णनावरून हे शिंपलं आहे. उभ्या कंगोऱ्या आणि त्यांना छेदणाऱ्या वाढीच्या रेषा, दोन्ही एकत्र आणि एकाच बिंदूपासून निघालेल्या, हे खनिज असं करत नाही.

आणि ते त्या गाठीत सापडावं यात नवल नाही. मेलेला जीव गाळात कुजताना त्याच्या आसपासच्या पाण्याची रसायनं बदलतात आणि खनिजं तिथेच आधी साचायला लागतात, म्हणजे पुष्कळ वेळा गाठ सुरूच होते ती एखाद्या शिंपल्याभोवती, पानाभोवती, माशाभोवती. अमेरिकेत इलिनॉयमध्ये मेझन क्रीक म्हणून जागा आहे, तिथल्या लोहाच्या गाठींमध्ये सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीचे नेचे, किडे, अगदी मऊ अंगाचे प्राणीसुद्धा मिळतात. तिथले लोक गाठी पाण्यात ठेवून गोठवतात, वितळवतात, पुन्हा गोठवतात, मग त्या आपोआप आतल्या वस्तूच्या पातळीवर उघडतात. तुम्ही हे करू नका, तुमची गाठ कॅल्साइटच्या शिरांनी आधीच भेगाळलेली आहे, तिचे तुकडे होतील. आणि व्हिनेगर आता पुरे, शिंपलं बहुधा त्याच कॅल्साइटचं असेल, तेही विरघळेल.

आता एक बघा. पंख्याच्या टोकापासून मधोमध एक रेघ मनात ओढा. दोन्ही अर्धे आरशातल्यासारखे सारखे असतील तर बहुतेक ब्रॅकिओपॉड, म्हणजे शिंपल्यासारखंच दोन झडपांचं कवच असलेला पण वेगळ्याच कुळातला समुद्री प्राणी, एक बाजू जरा कललेली असेल तर आपल्या नेहमीच्या शिंपल्यांच्या कुळातलं. या नियमाला अपवाद आहेत पण सुरुवातीला पुरतं.

आणि मुलाला एक सांगा. १६६६ साली स्टेनो नावाच्या डॉक्टरने फ्लॉरेन्समध्ये एका मोठ्या शार्कचं डोकं चिरलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की लोक ज्यांना जिभेचे दगड म्हणतात ते हुबेहूब या माशाच्या दातांसारखे आहेत. दात लोकांनी शेकडो वर्षं हातात धरले होते, फक्त शेजारी ठेवून फार थोड्यांनी पाहिलं होतं. आणि उलटही झालंय, १८६५ मध्ये कॅनडातल्या एका पट्ट्यापट्ट्यांच्या दगडाला सगळ्यात जुना प्राणी म्हणून ईओझून असं नाव दिलं, मोठमोठ्या लोकांचा तीस वर्षं वाद चालला, आणि मग १८९४ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने फेकलेल्या चुनखडीत अगदी तसेच पट्टे मिळाले, म्हणजे उष्णतेने झालेलं काम. तेव्हा तुमच्या घरात दोन रात्रींत तीन मतं झाली तर काही बिघडलं नाही.

भिंगवाली
खूप आनंद झाला वाचून! आता दगड कापसात ठेवा, सोबत चिठ्ठी, कुठे, कोणत्या तारखेला, पात्राच्या कोणत्या बाजूला. पत्ता नसलेल्या जीवाश्माची अर्धी माहिती गेलेलीच असते. जमलं तर परत तिथे जा आणि वरच्या अंगाला काठावर बघा, दगड वाहत आला असेल तर तो ज्या थरातून निघाला तो थर वरच कुठेतरी उघडा पडलेला असणार. पण काठ खणायला जाऊ नका, माती कोसळते, आणि जीवाश्म उचलण्याबद्दल तिथला नियम काय आहे तेही आधी विचारून घ्या. नुसते फोटो काढले तरी चालतं. जवळच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत असतील तर दगड घेऊन जा, ते लोक आनंदाने बघतात.

ओढ्याकाठी
आरसा-नियम लावला, दोन्ही अर्धे सारखे वाटतायत. फोटो टाकलेत, तिसरा आणि पाचवा बघा. मुलाने चिठ्ठी स्वतःच्या अक्षरात लिहिलीय, रविवारी काठाच्या वरच्या अंगाला जातोय दोघं.

गाळवाचक
तिसरा फोटो पाहिला. ब्रॅकिओपॉडच. पाचव्यात त्याच्या डावीकडे अजून एक कडा डोकावतेय, चंद्रकोरीसारखी, तिथे टॉर्च खालून धरून एक फोटो काढा ना.